फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतले किल्ले आठ दिवसांत: लुआर, दोर्दोन्य की कोर्बिएर?

नमस्कार. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्याहून चौघं येताय, त्यात ६८ वर्षांच्या आई आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. सप्टेंबरच्या शेवटी, पॅरिस झाल्यावर, हातात आठ दिवस आहेत. बाकीचे तिघं सह्याद्रीत नेमाने किल्ले करतात. यादीत लुआरचे राजवाडे, दोर्दोन्यचं खोरं आणि दक्षिणेतले काथार किल्ले आहेत. जमल्यास गाडी घ्यायची नाही, आणि जेवण शाकाहारी. हे सगळं बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

ओढूनताणून बसवता येईल, पण मग आठातले तीन दिवस स्टेशनांवर आणि हमरस्त्यावर जातील. मी तुलूजला राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून छोट्या गटांना या भागात पायी फिरवतो. अनुभवावरून सांगतो, कुठले किल्ले पाहायचे हा पुढचा प्रश्न आहे. कुठला एकच प्रदेश निवडायचा, हे आधी ठरवा. एकटा किल्ला फारसं काही सांगत नाही. तो कुणावर नजर ठेवून होता, त्याच्या मागे कोण होतं, समोर कोण होतं, हे शेजारचे दोन-तीन किल्ले पायाखालून गेले की कळायला लागतं. राजगडावरून तोरणा दिसतो तेव्हा दोन्ही गड समजायला लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या यादीतले तीन प्रदेश म्हणजे तीन वेगळे विषय आहेत. लुआरचं शांबोर १५१९ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याने बांधायला घेतलं ते शिकारीसाठी आणि वैभव दाखवण्यासाठी. तिथे छतं, जिने, बागा, दालनं पाहायची. चढण नाही, सगळं सपाट, आईंना सोयीचं. दोर्दोन्यमध्ये बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवरून एकमेकांकडे पाहत उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३ या काळात, तिथून फ्रेंच आणि इंग्रज बाजूंनी एकमेकांवर पहारा ठेवला. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धसामग्रीचं चांगलं संग्रहालयही आहे. तिसरा, म्हणजे काथार किल्ल्यांचा, कोर्बिएर आणि त्याला लागून असलेला पिरेनीजचा पायथा. उघडे चुनखडीचे कडे, त्यांच्या धारेवर पडके कोट, खाली द्राक्षमळे आणि चाळीस-पन्नास घरांची गावं. सह्याद्रीत वाढलेल्या पायांसाठी मी बेधडक हा तिसरा प्रदेश सांगेन. आईंचं काय, ते शेवटी सांगतो, कारण माझ्या उत्तराचा बराच भाग त्यावर अवलंबून आहे. त्यांना रोज किल्ल्याच्या आत जायचंच असेल तर लुआर घ्या आणि पुढचं सगळं सोडून द्या.

आता इतिहास, कारण तो माहीत नसेल तर वर जाऊन नुसते दगड दिसतात. बाराव्या शतकात या भागात काथार नावाचा ख्रिस्ती पंथ मूळ धरून होता. हे सगळं भौतिक जग वाईट शक्तीने निर्माण केलं, असं ते मानत. त्यांचे दीक्षित लोक मांस, अंडी, दूध-चीज वर्ज्य करत, मासे मात्र खात. रोमच्या पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. १२०९ च्या जुलैमध्ये बेझिए शहरात कत्तल झाली, ऑगस्टमध्ये कार्कासोन पडलं, आणि उत्तरेकडच्या सीमों द मोंफोरच्या हाती या मोहिमेची सूत्रं आली. १२१० मध्ये मिनेर्व्हला सुमारे १४० काथारांना जाळलं. त्याच वर्षी तेर्मचा किल्ला जवळपास चार महिने झुंजला आणि मग पडला. मोंसेगुरला १२४३ च्या मे महिन्यात वेढा पडला तो १२४४ च्या मार्चपर्यंत चालला. १६ मार्चला, पंथ सोडायला नकार देणाऱ्या दोनशेहून अधिक माणसांना डोंगराच्या पायथ्याशी जाळण्यात आलं. शेवटचा केरिब्यूस १२५५ मध्ये गेला.

सगळ्या पाट्यांवर 'काथार किल्ले' लिहिलेलं असतं, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. आज तुम्ही ज्या भिंतींना हात लावता त्यातल्या बहुतेक काथारांच्या नाहीत. १२५८ च्या कोर्बेय तहाने फ्रान्सचा लुई नववा आणि आरागोनचा जॉम पहिला यांनी आपली सरहद्द ठरवली, ती याच डोंगररांगेवरून गेली. मग फ्रेंच राजाने जिंकलेले कोट नव्याने बांधून काढले. आगिलार, तेर्म, पेरपेर्त्यूज, केरिब्यूस आणि प्युइलोरांस या पाचांना 'कार्कासोनचे पाच पुत्र' म्हणतात. कार्कासोन हे मुख्य ठाणं आणि हे पाच पुढचे पहारे. पुढे १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने सरहद्द दक्षिणेकडे सरकली आणि या किल्ल्यांचं काम संपलं. मोंसेगुरच्या भिंतीही काथारांच्या नाहीत. माथ्यावरचा कोट वेढ्यानंतर आलेल्या नव्या मालकांनी बांधला. वेढ्याच्या वेळचं गाव पाहायचं असेल तर कोटाच्या बाहेर, उत्तरेच्या उतारावर उत्खननात उघडे पडलेले घरांचे चौथरे शोधा. मी गटाला आधी तिथे नेतो, मग आत.

म्हणून माझा आग्रह आहे की हे किल्ले सरहद्द म्हणून पाहा. केरिब्यूसच्या माथ्यावर, ७२८ मीटरवर उभं राहिलं की पश्चिमेला पेरपेर्त्यूजची लांबलचक धार दिसते, दक्षिणेला रूसियोंचं मैदान आणि त्यापलीकडे २,७८४ मीटर उंचीचं कानिगू. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला समुद्रही. ते मैदान तेव्हा आरागोनचं होतं. इथे कशाला किल्ला, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

गाडीबद्दल. कार्कासोन, नार्बोन, पेरपिन्यां, फ्वा, तुलूज इथवर रेल्वे उत्तम आहे. त्यापुढे डोंगरात बस आहेत, पण त्यांचं वेळापत्रक शाळा आणि आठवडी बाजार यांच्या सोयीचं असतं. रविवारी तर बसच्या भरवशावर राहूच नका. फक्त तिघं चालणारे असता तर मी गाडी नको म्हटलं असतं आणि 'सांतिए काथार' म्हणजे जी आर ३६७ ही पायवाट सुचवली असती. ती समुद्रकाठच्या पोर-ला-नूव्हेलपासून फ्वापर्यंत सुमारे २५० किलोमीटर जाते आणि तिचे बारा टप्पे आहेत. त्यातले तुशां ते प्युइलोरांस हे मधले चार-पाच टप्पे आठवड्यात आरामात होतात. पण आईंना सोबत घेऊन खेड्यात राहायचं तर गाडी लागेलच. ती पॅरिसला घेऊ नका, कार्कासोनला घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच तसं सांगून ठेवा, नाहीतर हाताने गिअर टाकायची गाडी मिळेल. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही पुण्याहूनच काढून आणा. गाडी उजव्या बाजूने चालवायची, आणि खेड्यातल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम नव्या माणसाला दचकवतो.

मी असा आराखडा करेन. पहिल्या दिवशी पॅरिसहून रेल्वेने कार्कासोन. तटबंदीच्या आतलं जुनं शहर दुपारी पर्यटकांनी गजबजलेलं असतं, म्हणून संध्याकाळी जा. दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून चालत शहराला फेरी मारा, त्याला तिकीट नाही. आतला सरदारांचा वाडा आणि तटावरची वाट तिकिटाची आहे, ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या. बुरुजांवरची टोकदार छपरं पाहून हे फार नवं वाटेल, आणि ते खरंच आहे. १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने जीर्णोद्धार केला, आणि दक्षिणेतल्या बुरुजांना उत्तरेकडची पाटीच्या दगडाची उभी छपरं चढवली म्हणून त्याच्यावर आजही टीका होते. मला ती छपरं खटकतात, पण त्याने हे काम केलं नसतं तर आज आपण काय पाहिलं असतं, हाही विचार मनात येतो. त्याच दिवशी दुपारी उत्तरेला लास्तूर. एकाच कड्यावर चार कोट आहेत, काबारे, तूर रेजिन, स्युरदेस्पीन आणि केर्तिनो. समोरच्या डोंगरावरून चारही एका नजरेत दिसतात, आणि तिथवर गाडी जाते.

तिसऱ्या दिवशी तेर्म पाहत कोर्बिएर ओलांडा आणि क्युक्युन्यां किंवा द्युइलाक यांपैकी एका गावात तीन मुक्काम टाका. रोज सामान बांधत फिरू नका. चौथ्या दिवशी पेरपेर्त्यूज. वाहनतळ बराच वर, किल्ल्याच्या जवळ आहे, पण चढणाऱ्यांनी द्युइलाक गावातून पायवाटेने चढावं, तास-सव्वातास लागेल. सुमारे ८०० मीटर उंचीच्या धारेवर हा किल्ला पसरलाय. खालून किल्ला कुठे संपतो आणि कडा कुठे सुरू होतो ते कळत नाही. आत दोन भाग आहेत, खालचा जुना कोट आणि वर सां-जोर्दी हा राजाने बांधलेला बालेकिल्ला. दोघांना जोडणारा जिना खडकात कोरलाय, त्याला संत लुईचा जिना म्हणतात. पावसात तो निसरडा होतो, घाई करू नका. पाण्याची टाकी शोधायची आपली सवय इथेही उपयोगी पडते. झरा नसलेल्या कड्यावर शिबंदी कशी टिकली, ते टाकी पाहून कळतं.

पाचव्या दिवशी क्युक्युन्यांहून केरिब्यूस, चालत दीडेक तास. वर बहुकोनी बुरुजात एक उंच दालन आहे, त्याचं सगळं छत एकाच खांबावर तोललेलं. तिथे थोडा वेळ बसा. सहाव्या दिवशी गालाम्यूची घळ आणि कड्यात खोदलेली संत आंतोनीची गुहावस्ती. घळीतला रस्ता अतिशय अरुंद आहे, मोठी गाडी नको. तिथून डी ११७ या रस्त्याने प्युइलोरांस. मला पाचांतला हा सगळ्यात आवडतो. दारापर्यंत जाणारी वाट आडव्या भिंतींनी नागमोडी केली आहे, त्यामुळे चढणारा प्रत्येक वळणावर वरच्यांच्या माऱ्यात येतो. रायगडाच्या महादरवाज्याशी ज्याने वळण घेतलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. सातव्या दिवशी कियांवरून मोंसेगुर. वाहनतळापासून अर्धा-पाऊण तास खडी चढण, माथा १,२०७ मीटर. १२४३ च्या हिवाळ्यात वेढा घालणाऱ्यांनी डोंगरकडे चढण्यात तरबेज अशी माणसं आणून पूर्वेकडच्या धारेचं टोक रात्री काबीज केलं. ती धार वरून पाहिली की तानाजी मालुसऱ्यांची आठवण येईलच. वाटेच्या सुरुवातीला, जाळलेल्यांच्या स्मरणार्थ उभी केलेली शिळा आहे. आठव्या दिवशी फ्वाचे तीन बुरुज पाहून गाडी तुलूजला सोडायची. कार्कासोनला घेतलेली गाडी तुलूजला परत देता येते, पण जादा आकार पडतो, तो आधी विचारा. आगिलार मी मुद्दाम कुठल्याही दिवसात घातलेला नाही. तो तुशांजवळ छोट्या टेकाडावर आहे, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी दुपार मोकळी मिळाली की जाऊन या.

पायवाटांच्या खुणा सोप्या आहेत. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची जी आर वाट, पिवळा-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाची फेरी, नुसता पिवळा म्हणजे स्थानिक छोटी वाट. फुली दिसली की ती दिशा चुकीची, मागे फिरा. फ्रेंच सरकारी नकाशा संस्थेचे १:२५,००० प्रमाणातले नकाशे फार बारकाईने केलेले आहेत. एक कागदी नकाशा जवळ ठेवा, घळींमध्ये फोनला रेंज मिळेलच असं नाही. अडचणीत ११२ लावा.

आता काही गोष्टी, ज्यांत सह्याद्रीच्या सवयी इथे चालत नाहीत. किल्ल्यावर मुक्काम नाही. संरक्षित वास्तूच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय तंबू लावायला बंदी आहे. चूल तर अजिबात पेटवायची नाही. जंगलापासून २०० मीटरच्या आत आग करणं हा गुन्हा आहे, आणि लोक यावर चिडतात ते योग्यच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कोर्बिएरमध्ये वणवा पेटला आणि सुमारे १६,००० हेक्टर भागावर फिरला. जळलेले उतार तुम्हाला दिसतील. उन्हाळ्यात धोका वाढला की प्रशासन डोंगरवाटा बंद करतं. सप्टेंबरअखेर तो धोका उतरतो, तरी कोरडं वर्ष असेल तर आदल्या संध्याकाळी चौकशी करा.

वारा हा दुसरा मुद्दा. वायव्येकडून त्रामोंतान नावाचा वारा येतो आणि धारेवर माणसाला ढकलतो. जोराचा वारा किंवा वादळ असेल तर पेरपेर्त्यूज आणि केरिब्यूस बंद ठेवतात, तिकीट खिडकीवर वाद घालून उपयोग नसतो. म्हणूनच मी तीन मुक्काम एकाच गावात सांगितले, म्हणजे दिवसांची अदलाबदल करता येते. वारा असेल त्या दिवशी गालाम्यू किंवा लाग्रासचा मठ करा.

तिसरा मुद्दा शिकारीचा. सप्टेंबरपासून रानडुकरांच्या हाकाऱ्याची शिकार चालते. वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर दुसरी वाट घ्या किंवा तिथल्या माणसांशी बोला. भडक केशरी किंवा पिवळा सदरा घाला, खाकी आणि हिरवा घरीच ठेवा.

जेवणाचं गणित वेळेचं आहे. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर खेड्यात स्वयंपाकघर बंद. अनेक दुकानं रविवारी दुपारी आणि सोमवारी उघडत नाहीत, तेव्हा शनिवारी पाव, चीज, टोमॅटो, फळं भरून ठेवा. इथला प्रसिद्ध कासूले पांढऱ्या घेवड्याचा असतो, पण त्यात मांस आणि बदक किंवा हंसाची चरबी असते, वरून ओळखू येत नाही. सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. शेळीच्या चीजचं सॅलड सगळीकडे मिळतं, आणि अंडं चालत असेल तर ऑम्लेटही. 'जीत' म्हणजे पायी प्रवाशांच्या घरगुती मुक्कामाच्या जागा असतात, तिथे रात्रीचं जेवण धरूनच खोली घ्या आणि आरक्षण करतानाच मांस, मासे, चरबी काहीच नको असं स्पष्ट लिहा. आयत्या वेळी सांगितलं तर बिचाऱ्या यजमानाकडे पर्याय नसतो. दोन दिवस आधी सांगितलं तर बहुतेक जण मनापासून करतात. सोबत मेतकूट-लोणचं असेल तर आईंची सोय होईल.

तारखा थोड्या अलीकडे आणता आल्या तर पाहा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्समध्ये वारसा दिन असतात, १९८४ पासून चालत आलेले. एरवी बंद असणाऱ्या खाजगी गढ्या, चर्च, जुन्या गिरण्या त्या दोन दिवसांत उघडतात आणि गावातली जाणती माणसं स्वतः माहिती देतात. मोठ्या किल्ल्यांना त्या दिवशी गर्दी असते, म्हणून तेव्हा छोटी गावं करा.

आता आई. पाचही किल्ल्यांवर खडबडीत पायऱ्या आहेत, कुठेही पूर्ण वर जाणं त्यांना झेपेल असं मी म्हणणार नाही. पण कार्कासोनच्या दोन तटांमधली फेरी हळूहळू जमेल, फरसबंदी ओबडधोबड आहे, काठी आणि जाड तळव्याचे बूट हवेत. लास्तूर समोरच्या डोंगरावरून दिसतंच. लाग्रासचा मठ आणि नार्बोनजवळचा फोंफ्रवादचा सिस्टर्शियन मठ, दोन्ही त्यांना आवडतील. वाटलं तर तेर्मऐवजी फोंफ्रवाद घ्या. क्युक्युन्यांला डोंगरावर पवनचक्की आहे, तिथे दळलेल्या पिठाचा पाव मिळतो आणि समोर केरिब्यूस दिसतो. पेरपेर्त्यूज आणि केरिब्यूसच्या दिवशी तिघांपैकी दोघांनीच चढावं, एकाने गाडी आणि आईंबरोबर राहावं, दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. प्युइलोरांसला मात्र तिघंही जाऊन या, त्याचा चढ छोटा आहे. त्याच दिवशी आईंना गुहावस्तीच्या वाटेवर मात्र नेऊ नका, तिथेही उतार-पायऱ्या आहेत, गालाम्यू गाडीतून आणि वरच्या थांब्यावरून दाखवा. मोंसेगुरला चढण सोपी समजून त्यांना वर नेण्याचा मोह होईल, तो टाळा. खाली गावात छोटं पुरातत्त्व संग्रहालय आहे, उत्खननात सापडलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. तुम्ही वर असाल तोवर त्यांना तिथे बसवा, फक्त त्या दिवशी ते उघडं आहे का हे आधी फोन करून विचारा.